वार

शुक्रवारची रात्र. स्कायलर, नेब्रास्का.
मैदानावरच्या पत्र्याच्या खोलीत
मी आणि व्हर्लिन, एक हीटर, दोन पेन्सिली
आणि रकाने.
दिवसा मी औषधाच्या दुकानात गोळ्या मोजते.
त्याने चाळीस वर्षं धान्याचे ट्रक काट्यावर घेतले.
शाळेला मोजणारी माणसं हवी होती, फुकटात.

यार्ड म्हणजे आमचा वारच,
हे पहिल्याच वर्षी त्याला सांगितलं.
आमचं लुगडं नऊ वारांचं म्हटल्यावर म्हणाला,
"एक कमी पडला. आमची साखळी दहाची."
तेव्हापासून एक वार उरला
की तो दुर्बीण न काढता विचारतो, "साडी झाली?"

हिशेब दिसायला सोपा.
हातात घेऊन पळालास, धावण्याच्या खात्यात.
पुढे फेकलेला धरलास, झेलण्याच्या.
मोजायचं मात्र चेंडू जिथून उचलला त्या रेषेपासून,
तुझ्या हातात कुठे आला ते तुझं तुला.

एफ्राईन ओचोआ आज आधी डावीकडे पळाला,
मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे,
मैदानाची रुंदी झाडून काढल्यासारखा.
सात जणांना हुलकावणी. बॅण्डवाली पोरं उभी राहिली.
पुढे सरकला दोन वार.
मी लिहिलं, दोन.
आडव्या पळण्याला रकाना नाही
(वीस वर्षांत तीन गावं बदलली मी, पण ते असो).
एकदा मागेच पाडला त्याला. उणे तीन.
एकदा बेचाळीस वार सुसाट गेला,
तर मागे आपल्याच कुणीतरी समोरच्याचा शर्ट धरलेला.
पिवळा रुमाल पडला.
खोडरबराचा चुरा मी फुंकून टाकला.

चौथ्या पावात एफ्राईनचे मोसमाचे वार
नऊशे ब्याण्णव. हा शेवटचा सामना.
हजारवाल्यांची नावं जिममधल्या फळीवर रंगवतात,
आणि त्या फळीवर अजून एकही ओचोआ नाही.

अन् ती चाल. क्वार्टरबॅकने चेंडू बाजूला टाकला,
टाकला म्हणजे सोडला, मोरीत पाणी सोडावं तसा.
एफ्राईनने घेतला आणि अकरा वार गेला.
वाहूच्या पोरांनी त्याला कडेच्या बाकावर लोटलं. घड्याळ संपलं.

चेंडू मागे गेला असेल, तर ते धावणं. एक हजार तीन.
वीतभर जरी पुढे गेला असेल, तर ते झेलणं.
मग नऊशे ब्याण्णव ते नऊशे ब्याण्णवच.

"तू ठरव," व्हर्लिन म्हणाला,
"मला हल्ली एवढ्या लांबचं दिसत नाही."
दुर्बीण त्याच्या गळ्यातच होती.

इचलकरंजीला बाबा लोखंडी गजावर कापड मोजायचे.
शेवटच्या वारावर चार बोटं सैल सोडायचे, नेहमी.
गिऱ्हाईक खूश. पण पावतीवर कधी
चार बोटं चढली नाहीत, उतरली नाहीत.
"कापड माझं आहे," म्हणायचे, "गज माझा नाही."

मी लिहिलं: झेलणं, अकरा.
व्हर्लिनने हीटर बंद केला. काही बोलला नाही.

खाली पार्किंगमध्ये एफ्राईन आला,
केस ओले, खांद्यावर पॅडचं ओझं.
"किती?"
सांगितलं. का, तेही सांगितलं.
तो जमिनीकडे बघत राहिला.
मग त्याने उजवा हात लांब केला,
हवेत, अंधारात, बोटं उघडी ठेवून.
"हो," म्हणाला, "असा पुढे काढावा लागला होता."

हात थोडा वेळ तसाच होता.
वडिलांनी गाडीतून हॉर्न दिला.
पहाटे पाचला त्यांची कत्तलखान्यात पाळी.